तीनशे ओहमचे कान

हेडफोन आला त्या दिवशी शहादेवअण्णांनी तो खोक्यातून काढला, नव्या पुस्तकाचा घ्यावा तसा त्याचा वास घेतला आणि परत खोक्यात ठेवून दिला. दोन दिवस तो कपाटात शब्दकोशांशेजारी पडून राहिला. तिसऱ्या दिवशी पुण्याहून लेकीचा, तेजश्रीचा, फोन आला.

“बाबा, लावून पाहिला का?”

“पाहतो की. जरा निवांत वेळ मिळू दे.”

“रिटायर होऊन बारा वर्षं झाली तुम्हाला. अजून किती निवांत पाहिजे?”

तिचं खरं होतं. केजच्या वाचनालयात चौतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढून अण्णा घरी बसले, त्याला बारा वर्षं झाली होती. वाचन आणि गाणं सोडलं तर त्यांना तिसरा नाद नव्हता. गाणंसुद्धा घरच्यांना त्रास नको म्हणून रेडिओ उशाशी घेऊन बारीक आवाजात ऐकायचे. म्हणून लेकीनं हा हेडफोन पाठवला होता. तिच्या कंपनीतला एक जण परदेशी चालला होता, त्याच्याकडून तिनं तो घेतला होता. मोठा, अख्खा कान झाकणारा, मखमली गाद्यांचा, जाड वायरीचा. वायर फोनला लागावी म्हणून बोटभर लांबीची दुसरी वायर सोबत होती. मागच्या दिवाळीत आली तेव्हा तिनं अण्णांच्या फोनात शंभरेक गाणी भरून ठेवली होती. सनई, सारंगी, जुने ख्याल.

अण्णांनी दार लोटलं, हेडफोन डोक्यावर चढवला आणि सनई लावली.

सनई वाजत होती, पण चार घरं सोडून कुणाच्या तरी लग्नात वाजावी तशी. अण्णांनी आवाज वाढवला. वाढवत वाढवत शेवटपर्यंत नेला. सनई चार घरांवरून दोन घरांवर आली आणि तिथंच थांबली. त्यांनी सारंगी लावून पाहिली. तीही तिकडंच, दोन घरं पलीकडं.

यंत्रात काही उणं असेल, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. यंत्र भारीतलं, पुण्याचं, इंजिनिअर माणसानं वापरलेलं. कान केजचे, सत्तर वर्षांचे. दोघांत चूक कुणाची, यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं.

रविवारी तेजश्रीनं विचारलं, “कसा आहे हेडफोन?”

“फार छान,” अण्णा म्हणाले.

तसं पाहिलं तर रेडिओ त्यांना नीट ऐकू यायचा. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. पण वाचनालयात असताना त्यांनी आरोग्यावरचं एक पुस्तक वाचलं होतं. त्यात लिहिलं होतं की, ऐकायला कमी येऊ लागलेली माणसं समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखू लागतात आणि त्यांना स्वतःलाही ते कळत नाही. त्या संध्याकाळी सून, मंजुषा, भाजी निवडता निवडता काहीतरी सांगत होती आणि अण्णांच्या ध्यानात आलं, आपण तिच्या ओठांकडंच बघतोय. झालं. दुसऱ्या दिवशी खात्री करावी म्हणून ते जरा वळून बसले.

“अण्णा, भिंतीकडं तोंड करून कावून बसलाव?”

हे त्यांना ऐकू आलं होतं. पण मंजुषाचा आवाज मुळातच मोठा, तेव्हा तो पुरावा धरायचा की नाही, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी सांगून टाकलं. “मला जरा कमी ऐकू यायलंय.”

तेव्हापासून मंजुषा त्यांच्याशी ओरडून बोलू लागली. “अण्णा, च्या!” म्हणून तिनं हाक दिली की गल्लीतल्या दोन घरांत कळायचं, अण्णांचा चहा झाला. मुलगा राम पंचायत समितीत नोकरीला होता. तो रजा टाकून त्यांना अंबाजोगाईला कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. तिथं काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. अण्णांनी दाबलं. डॉक्टरांनी कागद बघून सांगितलं, “वयाच्या मानानं चांगले आहेत की कान.” येताना एसटीत अण्णा ‘वयाच्या मानानं’ एवढाच भाग घोळवत राहिले. शिवाय दोन-तीनदा बटण आपण अंदाजानं दाबलं असावं, असंही त्यांना वाटू लागलं. आवाज आला होता की येणार असं वाटलं होतं? सांगता येत नव्हतं.

हे सगळं इतकं मनाला लावून घ्यायचं कारण होतं मारुती मंदिराचं भजनी मंडळ.

अण्णांना गळा नव्हता. हाताला ताल नव्हता. टाळ दिले तर चौथ्या ओळीला चुकायचे. तरी सव्वीस वर्षं मंडळात त्यांची एक जागा होती, मृदंगाच्या डाव्या अंगाला. मृदंग लावायचा म्हणजे उजवीकडच्या शाईच्या, म्हणजे काळ्या लेपाच्या, तोंडाला हातोडीनं ठोकून सूर पेटीशी मिळवायचा आणि डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा गोळा थापून त्याला खालचा, भारदस्त आवाज आणायचा. वाजवणारा वाजवायचा, अण्णा मान खाली घालून, डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे. चढव. उतरव. कणीक. बास. आधी म्हाळू होता मृदंगावर, तो गेल्यावर त्याचा पोरगा हनुमान आला. अण्णांनी ‘बास’ म्हटल्याशिवाय दोघांनीही कधी पहिली थाप मारली नव्हती. चारचौघांत एरवी तोंड न उघडणाऱ्या माणसाला एवढे चार शब्द बोलायला मिळायचे, आणि ते मोडायचं कुणी नाही.

हनुमान जयंतीचा सप्ता महिन्यावर आला होता. बहिऱ्या माणसानं मृदंग लावायचा आणि सात दिवस गावानं तो ऐकायचा, हे अण्णांना सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी रेघांच्या कागदावर मंडळाचे प्रमुख बबनराव यांना पत्र लिहिलं, ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ अशी सुरुवात करून, आणि मंजुषाच्या हाती धाडलं.

तासाभरात बबनराव स्वतः आले. मोठे बागायतदार, अण्णांच्या बरोबरीचे, शाळेत एका बाकावर बसलेले. ओसरीवर बसून त्यांनी खिशातून पत्र काढलं.

“चिठ्ठी कावून लिहिली बे? तुझ्या अन् माझ्या घरामधी एक लिंबाचं झाड हाय फकस्त.”

“बोलायला जमलं नसतं.”

“तीनदा वाचली. अक्षर लई देखणं हाय. पण म्हणायचं काय तुला?”

“मला ऐकू कमी येतं. सप्त्याला मृदंग लावायला दुसरं कुणी बघ.”

“आत्ता मी बोलायलो ते ऐकू यायलंय का न्हाई?”

“तुझा आवाज मोठा आहे.”

“ते बी खरंच हाय.” बबनरावांनी पत्राची घडी घातली. “हनुमान म्हणत व्हता, फोनात एक सोय आलीय. वाजवलं की सूर दाखवतीय. बरूबर असला की हिरवं व्हतंय.”

“मग चांगलंच झालं,” अण्णा म्हणाले.

चांगलं झालं, असं त्यांना वाटायला हवं होतं. पण सव्वीस वर्षांची जागा चहाचा कप संपायच्या आत दुसऱ्याला मिळाली, हे काही केल्या मनातून जाईना. त्या रात्री त्यांनी पुस्तकाची चार पानं वाचली आणि चारही पुन्हा वाचली.

दुसऱ्या दिवशी ते रेडिओ पिशवीत घालून जाकीरच्या दुकानात गेले. दुकान बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. मिक्सर, पंखे, टीव्हीचे रिमोट, सगळं जाकीर दुरुस्त करायचा. त्याचे वडील सलीमभाई होते तोवर गावातल्या उरुसाला, सप्त्याला, लग्नाला लाऊडस्पीकर त्यांचाच. जाकीर पाठमोरा बसून एका मिक्सरचं पोट उघडत होता.

“याला मोठा स्पीकर बसव,” अण्णांनी रेडिओ पुढं केला. “कमी ऐकू येतं मला.”

“कदीपासून?” जाकीरनं न वळता विचारलं.

“तीन महिने झाले.”

“डागदरला दाखवलं?”

“दाखवलं. चांगले आहेत म्हणाले. वयाच्या मानानं.”

जाकीरनं स्क्रू काढून ताटलीत टाकला. मग आवाज बारीक करून म्हणाला, “अण्णा, तुमचं वाचनालयाचं एक पुस्तक माज्याकडं राहिलंय. शाळेत असताना नेलतो.”

“आठवतंय मला. रेडिओ दुरुस्तीचं होतं.”

तेव्हा कुठं जाकीर वळला. “पाठ करून बोलायलोय, पंखा चालू हाय, भायेर जीप उभी हाय, अन् तुमी बराबर जबाब द्यायलाव. कोण म्हणलं तुमाला ऐकू येत न्हाई?”

अण्णांनी खाली बघितलं. “हेडफोन.”

सगळं ऐकून घेतल्यावर जाकीर म्हणाला, “आत्ता घेऊन या.”

अण्णा घरी जाऊन खोकं घेऊन आले. जाकीरनं हात पुसले, हेडफोन आपल्याच कानाला लावला आणि सनई लावायला सांगितली. आवाज शेवटपर्यंत न्यायला लावला. दहा-पंधरा सेकंद तो खाली मान घालून ऐकत राहिला. अण्णा त्याच्या तोंडाकडं बघत होते. जाकीर चाळिशीचा, कान शाबूत, धंदाच आवाजाचा.

“मला बी एवढंच यायलंय,” तो म्हणाला. “मुंगी चालल्यावानी.”

अण्णा बाकावर बसले. इतक्या दिवसांत तो हेडफोन दुसऱ्या कुणाच्या कानाला लागलाच नव्हता. मंजुषा त्याला हात लावायची नाही. पुण्याची भारी वस्तू, मोडली तर काय. राम म्हणायचा, अण्णा ऐकायलेत, मधी बोलू नका. आणि अण्णांनी तरी स्वतःहून कुणाला कसं म्हणावं, जरा लावून बघ रे? त्याला नीट ऐकू आलं असतं तर आपलं उघडं पडलं असतं.

जाकीरनं हेडफोन उलटा करून पट्टीच्या आतलं बारीक अक्षर उजेडात धरलं. “हे बघा. तीनशे ओहम. ह्याला तुमच्या फोनाचा दम पुरत न्हाई. विहिरीतली थ्री फेजची मोटार तुमी घरच्या सिंगल फेजवर लावली. मोटार बी चांगली, पाणी बी हाय, पण वर कसं येणार? ह्याला मधी वेगळा अँप्लिफायर लागतोय. फकस्त हेडफोनचा.”

“कुठं मिळतो?”

“मिळतोय बी, बनतोय बी. चार दिवस द्या.”

पाचव्या दिवशी तो बनला होता. जुन्या स्टॅबिलायझरचा पत्र्याचा डबा, त्याला पुढून एक भोक हेडफोनसाठी, मागून वायरी, आणि मधोमध एका मोडक्या रेडिओचं पितळी कड्याचं बटण. दिसायला ओबडधोबड, पण चालू केल्यावर खरखर नाही, गुणगुण नाही. जाकीरनं तो फोनला जोडलाच नाही. आतून वडिलांचा कॅसेट डेक आणून त्याला जोडला.

“अब्बा जिथं स्पीकर लावायचे तिथलं टेप करून ठेवायचे. ही तुमच्या सप्त्याची. अठ्ठ्याण्णव सालची.”

अण्णांनी हेडफोन लावला. जाकीरनं बटण फिरवलं.

आधी मंडप आला. पत्र्याच्या मंडपात माणसं बसली की जो एक घुमारा असतो, तो. कुठंतरी पितळी भांडं खाली ठेवलेलं. कुणी खोकलं, ते उजव्या हाताला, जरा मागं. पेटीचा एक सूर धरून ठेवलेला, त्यात भात्याची फुसफुस. मग मृदंग. म्हाळूच्या बोटाचं नख शाईला लागत होतं, ते सुटं कळत होतं. म्हाळू जाऊन नऊ वर्षं झाली होती. हातोडीचा ठोका, परत बोट, परत ठोका. आणि अगदी जवळून एक माणूस बोलला.

“उतरलंय. अजून एक ठोका. हां. आता डावीकडं, कणीक. नखभर. अजून. बास.”

अण्णांनी हेडफोन एका कानावरून सरकवला. “हा कोण?”

“आता काय बोलावं,” जाकीर म्हणाला. “तुमीच की.”

अण्णांनी पुन्हा लावला, जाकीरनं टेप मागं घेतली. तो माणूस पुन्हा बोलला. त्याच्या बोलण्यात ‘मला वाटतं’ नव्हतं, ‘बहुतेक’ नव्हतं. विचारत नव्हता, सांगत होता. असं आपण कधी बोललो असू, यावर अण्णांचा विश्वास बसायला टेप आणखी दोनदा मागं न्यावी लागली.

पण दुकानाची पायरी उतरता उतरता ते थांबले. “जाकीर, हा डबा आवाज मोठा करतो. म्हणून ऐकू आलं. कान बरे आहेत, हे त्यानं कुठं ठरतं?”

जाकीरनं कपाळाला हात लावला. “अण्णा, तुमी लई वाचलंय. त्याचाच तरास हाय तुमाला.”

डबा घरी आला. अण्णा रोज दुपारी सनई ऐकू लागले, आता ती खोलीत वाजायची. पण बबनरावांकडं जाणं काही त्यांच्यानं झालं नाही. लिहून दिलेलं परत कसं घ्यायचं? त्यांनी दुसरं पत्र लिहायला घेतलं, ‘माझ्या यापूर्वीच्या पत्राच्या अनुषंगाने’ इथपर्यंत आले आणि कागद फाडला. हनुमाननं फोनात सोय करून घेतली, पोरगं खूश असेल, त्याच्यामधी आपण कशाला यायचं.

सप्त्याच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी पाचला हरिपाठ होता. अण्णा गेले आणि मागं, खांबाला टेकून बसले. चैत्रातलं ऊन अजून पत्र्यावर होतं, चारही बाजूंनी उभे पंखे सोडले होते. पुढं हनुमाननं फोन मृदंगाला टेकवून ठेवला, शाईवर बोट मारलं, दोन ठोके दिले, हिरवं झालं. कणीक त्यानं चारलाच लावून ठेवली होती, ऐनवेळी घाई नको म्हणून. एक पंखा नेमका त्याच्या डाव्या बाजूला होता.

बबनरावांनी वीणा घेतली, टाळ लागले, पहिली थाप पडली.

उजवा हात सुरात होता. डावा नव्हता. जिथं ‘धूम’ यायला पाहिजे तिथं ‘ठक’ येत होतं. कणीक वाळली, हलकी झाली की असंच होतं. तोंड चढतं आणि पोकळ बोलतं. अण्णांना हे पहिल्या चार थापांत कळलं, आणि लगेच मागून दुसरं सगळं आलं. आपण लांब बसलोय. पंख्याचा आवाज आहे. डबाही इथं नाही. एवढी सगळी माणसं निवांत टाळ्या वाजवायलीत, त्यांना काही वाटत नाही आणि ज्यानं कान गेले म्हणून लिहून दिलं त्यालाच वाटतंय. त्यांनी डोळे मिटले. एक अभंग झाला. दुसरा झाला. ठक, ठक.

तिसऱ्याला ते उठले.

बसलेल्या माणसांच्या मधून वाट काढत, ‘जरा पाय, जरा पाय’ म्हणत ते पुढं गेले. सव्वीस वर्षांत भजन चालू असताना ते कधी जागचे हलले नव्हते, त्यामुळं टाळ आपोआप मंदावले. अण्णा हनुमानच्या कानाशी वाकले.

“कणीक वाळली.”

“फोन तर हिरवं दाखवायलाय, अण्णा.”

“तो शाईचं दाखवतो. डावी ऐक.”

हनुमाननं डाव्या हातानं एक थाप मारली आणि मान तिरकी केली. तोवर बबनरावांनी माइकवरच विचारलं, “काय म्हणतोय शहादेव?”

“कणीक वाळली म्हणतेत.”

“मग लावा की. का ह्याला बी चिठ्ठी लिहू?”

मंडप हसला. अण्णांचे कान तापले. बायकांच्या बाजूला महाप्रसादाची कणीक मळत कडूबाई बसली होती, तिनं परातीतला गोळा तोडून पुढं धाडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मी मगाधरनं म्हणायले, फुटक्या पातेल्यावानी कावून वाजायलंय. पर बाईचं कोण ऐकतंय.”

म्हणजे कडूबाईलाही कळलं होतं. अण्णांना जरा बरं वाटलं आणि जरा कसंसंही झालं. ते मृदंगाच्या डाव्या अंगाला, आपल्या जागी बसले. हनुमाननं वाळलेली कणीक खरवडून काढली, नवी थापली, आणि थाप मारून त्यांच्याकडं बघितलं.

“नखभर,” अण्णा म्हणाले. “अजून. अजून. बास.”

बबनरावांनी पुढचा अभंग धरला.

रविवारी तेजश्रीचा फोन आला. नेहमीप्रमाणं तिनं विचारलं, हेडफोन कसा आहे.

“तीन महिने ऐकू येत नव्हता,” ते म्हणाले. मग जाकीर, तीनशे ओहम, डबा, सगळं सांगितलं.

“बाबा, मग बोलला का नाहीत? थांबा. ज्याच्याकडून घेतला त्याच्या टेबलावर एक काळा डबा असायचा, हेडफोन त्यालाच लावलेला असायचा. मला वाटलं चार्जर आहे.”

“असू दे.”

“असू दे काय? दर रविवारी छान छान म्हणत होता तुम्ही.”

आतून मंजुषानं हाक दिली, “अण्णा, च्या!” दोन घरांना कळलं. ती कप घेऊन आली तेव्हा अण्णा फोन ठेवून डब्याचं पितळी बटण फिरवत होते. त्यांनी हेडफोन तिच्यापुढं धरला.

“लावून बघ.”

“मी? नगं बाई. मोडला बिडला म्हणजे?”

“मोडत नाही. बस.”

मंजुषानं पदराला हात पुसले, खुर्चीच्या कडेला टेकली आणि हेडफोन केसांवरून हळूच खाली घेतला. अण्णांनी सनई लावली. तिचे डोळे मोठे झाले. तिनं आधी दाराकडं बघितलं, मग खिडकीकडं, सनई कुठून येतेय ते शोधत असल्यासारखं. मग अण्णांकडं बघून बोलली, आणि दोन्ही कान झाकलेले असल्यानं आपण केवढ्यानं बोलतोय हे तिला कळलं नाही.

“अण्णा! लई झ्याक वाजायलीय!”

लिंबापलीकडनं बबनरावांचा आवाज आला, “काय वाजायलंय गं?”

मंजुषाला ते ऐकू गेलं नाही. अण्णांना गेलं.